झटका आमचा की लाइनचा? बडोद्यातल्या दोन रेकॉर्डरच्या कामाच्या नोंदी

७ नोव्हेंबर २०२४

लाभपाचमेला, म्हणजे दिवाळीनंतर धंदा पुन्हा सुरू करायच्या मुहूर्ताला, भावोजींनी मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) शेड उघडली आणि दुसऱ्याच दिवशी व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी मशीन) चालू कटमध्ये बंद पडली. टूल तुटलं, स्टेनलेसचा फ्लँज वाया गेला. त्या फ्लँजवर सहा तासांचं काम झालेलं होतं. दिवाळीआधीच्या महिन्यात असं पाच वेळा झालं होतं. शेडमधली मुलं याला ‘झटका’ म्हणतात. दिवे क्षणभर मंद होतात, कधी तेवढंही कळत नाही, पण मशिनचा मेन कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने धरून ठेवलेला मोठा स्विच) सुटलेला असतो.

वीज कंपनीकडे दोनदा तक्रार दिली. त्या दिवशी फीडर (सबस्टेशनमधून निघणारी लाइन) चालू होता, ट्रिपिंगची म्हणजे तो सुटल्याची नोंद नाही, तुमचं आतलं वायरिंग तपासा, असं उत्तर आलं. भावोजींचं ठाम मत की दोष लाइनचाच. मागच्या वर्षी एका विक्रेत्याने गळ घातली म्हणून त्यांनी ६२ हजारांचा सर्वो स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र) बसवला. झटके होते तेवढेच राहिले.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते. बाबा वीज मंडळातून सबस्टेशन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. आम्ही दोघांनी ठरवलं की मत बाजूला ठेवायचं आणि व्होल्टेज सतत नोंदवणारा एक डबा करायचा. हे काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी.

१० नोव्हेंबर

सामान आणलं: ईएसपी३२ बोर्ड (एक छोटा संगणकच) ४२० रुपये, झेडएमपीटी१०१बी व्होल्टेज सेन्सर १८०, एडीएस१११५ एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) २६०, एसडी कार्डचं मॉड्यूल ६०, कार्ड ३५०, प्लास्टिकचा डबा १५०.

बाबांनी काम सुरू होण्याआधीच अटी घातल्या. मेनच्या बाजूला २५० मिलिअँपचा फ्यूज. उघडा स्क्रू एकही नको. लॅपटॉप जोडलेला असताना डब्याचं झाकण उघडायचं नाही. आणि शेडच्या पॅनेलला हात लावायचा तो परवानाधारक वायरमननेच, मी नाही. चाळीस वर्षांत त्यांनी दोन सहकारी गमावले आहेत, त्यामुळे या अटींवर चर्चा झाली नाही.

१४ नोव्हेंबर

चार संध्याकाळी फुकट गेल्या. एडीएस१११५ सोळा बिटांचा आहे एवढंच बघून घेतला होता. तो सेकंदाला जास्तीत जास्त ८६० सॅम्पल, म्हणजे मोजमापं, देतो. ५० हर्ट्झच्या एका सायकलला ती जेमतेम सतरा होतात. त्यात लाटेचा आकार दिसत नाही, झटक्याची कडही पकडता येत नाही. त्याच्या जागी एमसीपी३२०८ आणला, ३१० रुपये. बारा बिटच आहेत, पण वेग हवा त्याच्या कितीतरी पट. आता सेकंदाला ३२०० सॅम्पल घेते, म्हणजे सायकलला ६४.

ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी आधी वापरून पाहिला होता. दोन्ही टोकांना तो सरळ मोजत नाही आणि वायफाय चालू झालं की आकडे थरथरतात. त्यावर वेळ घालवू नका.

झेडएमपीटीचंही जमलं नाही. त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून गेन वाढवला की लाटेचे शेंडे कापले जातात. कमी केला तर झटक्याच्या वेळचं १२०-१३० व्होल्टचं मोजमाप गोंगाटात बुडतं. शेवटी साधा २३० ला ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घेतला, दोन रेझिस्टरांनी व्होल्टेज खाली आणलं आणि १.६५ व्होल्टचा मध्य दिला. १२० रुपयांत काम झालं. लॅबमधल्या ट्रू आरएमएस मीटरशी १८० ते २५० व्होल्टपर्यंत ताडून पाहिलं, फरक एका व्होल्टच्या आत.

१९ नोव्हेंबर

व्होल्टेजसोबत फ्रिक्वेन्सीही नोंदवायची होती. पहिल्या रात्रीच्या फाइलमध्ये तीनच आकडे: ४९.२३, ५०.००, ५०.७९. दुसरं काहीच नाही. मी अर्धी रात्र कोडमधली चूक शोधत बसले.

सकाळी चहा घेताना लक्षात आलं. मी शून्य ओलांडण्याच्या दोन क्षणांमधली सॅम्पल मोजत होते. ती ६३, ६४ किंवा ६५ भरतात. ३२०० ला त्यांनी भागा, हेच तीन आकडे येतात. आपल्या ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. एवढ्या अरुंद पट्ट्यासाठी माझी मोजपट्टी फारच जाड होती. आता शून्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सॅम्पल घेऊन त्यांच्यामध्ये सरळ रेषा धरते, ओलांडण्याचा नेमका क्षण काढते आणि पन्नास सायकलींची सरासरी घेते. आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर झाला.

पडताळा सोपा आहे. राज्याचं भार प्रेषण केंद्र आमच्या बडोद्यातच, गोत्रीला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर चालू फ्रिक्वेन्सी दिसते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण ग्रिड जोडलं गेलं, तेव्हापासून सगळ्या देशाची फ्रिक्वेन्सी एक आहे. त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या प्लगचा आकडा आणि तिथला आकडा जुळलाच पाहिजे. जुळला. बाबा बराच वेळ नुसते स्क्रीनकडे बघत होते. पंधरा मिनिटांच्या ब्लॉकचा सांधा आला, विशेषतः तास बदलताना, की फ्रिक्वेन्सी टुणकन उडी मारते. ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. वीज केंद्रांचं वेळापत्रक पंधरा पंधरा मिनिटांचं असतं, दिवसाचे ९६ ब्लॉक. ब्लॉक बदलला की सगळीकडचं उत्पादन एकदम बदलतं. नोकरीत असताना ते हे पॅनेलच्या काट्यावर बघायचे.

२३ नोव्हेंबर

काल दुपारी आमच्या गल्लीतली लाइट वीस मिनिटं गेली होती. फाइल उघडली तर त्या वीस मिनिटांत व्होल्टेज २२१ आणि फ्रिक्वेन्सी ५०.०१, रेघ ओढल्यासारखी सपाट. मी डबा हॉलमधल्या प्लगला लावला होता. तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. ग्रिड नसताना मी आमच्याच इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सी नोंदवत होते.

ग्रिडची फ्रिक्वेन्सी कधीच इतकी सपाट नसते, ती सतत श्वास घेत असते. तुमच्या फाइलमध्ये सरळ रेघ आली तर आधी प्लग कुठल्या लाइनवर आहे ते बघा. डबा आता स्वयंपाकघराबाहेरच्या, थेट मीटरवरून आलेल्या प्लगला आहे.

२९ नोव्हेंबर

डबा स्वतःच झटक्याला बळी पडत होता. मोठा झटका आला की ईएसपी३२ रीसेट होतो आणि नेमका हवा तो क्षण पुसला जातो. पॉवर बँक लावून पाहिली. चार्जर बंद झाला की ती आपलं आउटपुट क्षणभर तोडून पुन्हा जोडते. पुन्हा रीसेट. ७५० रुपये गेले (पॉवर बँक ताईला देऊन टाकली). शेवटी १८६५० चा एक सेल आणि चार्जिंग बोर्ड अशी जोडणी केली, जिथे सेल कायम लोडवरच असतो. २९० रुपये. मेन काढून बघितला, डबा सात तास चालला.

दुसरी अडचण एसडी कार्डाची होती. कार्ड मधूनच लिहायला दोनशे मिलिसेकंद किंवा जास्त घेतं आणि तेवढ्यात सहाशेवर सॅम्पल गळतात. ईएसपी३२ ला दोन कोअर आहेत. एकावर फक्त मोजणी ठेवली, दुसऱ्यावर लिहिणं. मध्ये दोन सेकंदांचा बफर. सगळी लाट साठवत नाही. व्होल्टेज २०७ च्या खाली गेलं, म्हणजे २३० च्या नव्वद टक्क्यांखाली, की आधीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा दीड सेकंद कार्डावर जातो. झटका संपला असं मानायचं ते व्होल्टेज २११.६ च्या वर, ९२ टक्क्यांवर आल्यावर. हा दोन टक्क्यांचा फरक ठेवला नाही तर उंबरठ्यावर घुटमळणारा एकच झटका दहा झटके म्हणून मोजला जातो. आयईसी ६१०००-४-३० या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धत दिली आहे: एका सायकलचं आरएमएस (लाटेचं परिणामी व्होल्टेज), दर अर्ध्या सायकलला नवं.

६ डिसेंबर

दुसरा डबा तयार झाला आणि शेडमध्ये बसला. मुळात एकाच डब्याचा विचार होता. बाबा म्हणाले, “एकट्या डब्याला झटका दिसेल, पण तो कुठून आला ते कळणार नाही. दोन ठिकाणी बघ. दोन्हीकडे एकाच क्षणी आला तर वरून आला, एकीकडेच आला तर तिथला.” दांडिया बाजार आणि मकरपुरा वेगवेगळ्या सबस्टेशनांवर आहेत, त्यामुळे घराचा डबा तसाच ठेवला.

पहिल्याच आठवड्यात गाडं अडलं. घरी झटका १४:२०:०७ ला, शेडमध्ये १४:२०:०९ ला. एकच की दोन? दोन्ही डबे इंटरनेटवरून वेळ घेत होते. शेडमधला तर एका मुलाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर होता आणि तो जेवायला गेला की हॉटस्पॉटही जायचा. अशा घड्याळांवर निर्णय देता येत नाही.

१५ डिसेंबर

दोन्ही डब्यांना जीपीएस लावलं. निओ-६एम मॉड्यूल, प्रत्येकी ३६०. दर सेकंदाच्या ठोक्याला ते एक पल्स देतं आणि तिची चूक एका मायक्रोसेकंदाच्याही आत असते.

शेडच्या पत्र्याखाली उपग्रह दिसेचनात. तीन मीटरची अँटेना आणली, १८० रुपये, आणि झरोक्यातून बाहेर काढली. तरीही चार दिवस दोन्ही फाइलींमध्ये बरोबर एका सेकंदाचं अंतर. कारण सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. पल्स आधी येते आणि तिची वेळ सांगणारं वाक्य त्यानंतर काहीशे मिलिसेकंदांनी. एका डब्यात मी ते वाक्य पुढच्या पल्सला चिकटवत होते. दोन्ही डबे एकाच टेबलावर, एकाच प्लगवर ठेवून बाजूच्या लाइनवर ड्रिल चालू-बंद केलं, तेव्हा ही चूक उघडी पडली. जोडी करणार असाल तर ही टेबलावरची चाचणी डबे बसवायच्या आधी करा. मी नंतर केली आणि चार दिवसांच्या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

२१ डिसेंबर

सकाळी फाइल बघितली आणि छातीत धस्स झालं. काल संध्याकाळी ६:५२ ला शेडच्या डब्याने ४८.४ हर्ट्झ नोंदवले होते. ४९.४ ला तर ग्रिड वाचवण्यासाठी आपोआप भारनियमनाची पहिली पायरी सुटते. ४८.४ म्हणजे देशभर अंधार व्हायला हवा होता. घरच्या डब्यात त्याच क्षणी ४९.९७.

लाट उघडली. त्याच सायकलला झटका होता. लाइनवर कुठे फॉल्ट (शॉर्ट सर्किट) झाला की व्होल्टेज नुसतं कमी होत नाही, लाट पुढे-मागेही सरकते. इथे ती बारा अंश मागे सरकली होती. बारा अंश म्हणजे सायकलचा तिसावा भाग, २० मिलिसेकंदांच्या जागी २०.६७. माझ्या कोडने त्या एका सायकलची फ्रिक्वेन्सी काढली आणि ती ४८.४ आली. ग्रिडला काहीही झालेलं नव्हतं. (‘किमान फ्रिक्वेन्सी’ या रकान्यात पन्नासची सरासरी न घेता मी सायकलवार आकडा टाकत होते, हा माझाच हलगर्जीपणा.) आता झटक्याच्या आधी-नंतरच्या पाच सायकली फ्रिक्वेन्सीच्या हिशेबातून वगळते.

बाबांना सांगितलं तर ते लगेच बीना-ग्वाल्हेरवर आले. ३० जुलै २०१२, रात्री २:३३. ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि मागोमाग उत्तर ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तीच लाइन, आणि मग उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिड गेले. साठ कोटींवर लोक अंधारात. त्या लाइनवर फॉल्ट नव्हताच. भार इतका होता की वाढलेला करंट आणि पडलेलं व्होल्टेज बघून डिस्टन्स रिलेला (फॉल्ट किती दूर आहे ते ताडून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाला) वाटलं, तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे सगळ्यात दूरच्या टप्प्यात, फॉल्ट आहे. त्याने लाइन सोडली. उत्तरेला जाणारी वीज एकदम सुटली तशी आपल्या पश्चिमेकडे फ्रिक्वेन्सी वर उडाली. “रिलेने गणित बरोबर केलं होतं,” बाबा म्हणाले. “त्याला जे दिसलं त्याचा अर्थ चुकला.” त्या दोन दिवसांबद्दल ते बोलायला लागले की त्यांचा आवाज अजूनही खाली जातो.

२८ डिसेंबर

शेडमध्ये काल व्हीएमसी बसली आणि डब्यात काहीच नाही. भावोजी नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी एकाच फेजवर मोजत होते. शेडला तीन फेज आहेत आणि झटका उरलेल्या दोनवर आला असणार.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ११ केव्हीच्या लाइनवर एका फेजचा जमिनीशी फॉल्ट होतो, तेव्हा आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टा-स्टार (वर त्रिकोणात, खाली ताऱ्यासारख्या) जोडणीमुळे खाली ४३३ व्होल्टच्या बाजूला दोन फेज पडतात आणि एक जवळपास शाबूत राहते. फॉल्ट अगदी जवळ आणि पक्का असेल तर त्या दोन फेज ५८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १३३ व्होल्टपर्यंत जातात. नेमकी शाबूत फेज तुमच्या डब्याला मिळाली तर तुम्ही आंधळे.

आणखी दोन ट्रान्सफॉर्मर, २४० रुपये. एमसीपी३२०८ ला आठ चॅनेल असल्यामुळे बाकी काही बदलावं लागलं नाही. पॅनेलमधली जोडणी वायरमनने केली, ६०० रुपये घेतले.

४ जानेवारी २०२५

आता नोंदी वाचता येऊ लागल्या. मी प्रत्येक झटका कागदावर छापून भिंतीला लावते आणि संध्याकाळी बाबा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसतात. किती खोल गेला हे मी बघत होते. ते आधी किती वेळ टिकला ते बघतात, कारण झटका तेवढाच टिकतो जेवढा ब्रेकरला फॉल्ट तोडायला वेळ लागतो.

दोन्ही डब्यांत एकाच क्षणी, चार-पाच सायकली, म्हणजे ८० ते १०० मिलिसेकंद, कडा दोन्ही बाजूंनी उभ्या: हा वरच्या ट्रान्समिशन लाइनचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या मानकांत ४०० केव्हीला फॉल्ट १०० मिलिसेकंदांत आणि २२० व १३२ केव्हीला १६० मिलिसेकंदांत तुटला पाहिजे असं आहे. फक्त शेडमध्ये, अर्धा सेकंद किंवा जास्त: आमच्या ६६/११ केव्ही सबस्टेशनच्या शेजारच्या एखाद्या फीडरवर फॉल्ट. तिथले ओव्हरकरंट रिले मुद्दाम थांबून सुटतात. आमचा फीडर चालूच राहतो, म्हणून वीज कंपनीच्या वहीत ‘ट्रिपिंग नाही’ हे खरं आणि आमचा झटकाही खरा. हे कळल्यावर भावोजींचा राग बराच निवळला.

तिसरा प्रकार: व्होल्टेज झपकन १२-१५ व्होल्ट खाली आणि दोन-तीन सेकंदांत हळूहळू वर. हा आमचा कॉम्प्रेसर. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट करंट ओढते. २०७ च्या खाली तो एकट्याने जात नाही, पण दुपारी व्होल्टेज आधीच २१८ असेल तर जातो.

सर्वो स्टॅबिलायझरचाही उलगडा झाला. त्यात मोटर फिरते आणि ब्रश सरकतो. तेवढ्यात चार सायकलींचा झटका येऊन गेलेला असतो. हळू चढ-उतारासाठी तो चांगलाच आहे. झटक्यावर तो उपाय नव्हता, आणि विकणाऱ्याने हे विचारल्यावरही सांगितलं नाही याचं वाईट वाटतं.

९ जानेवारी

कुठल्याच प्रकारात न बसणारे सात झटके होते. फक्त शेडमध्ये, फक्त बी फेजवर. कडा उभ्या नाहीत, दातेरी. १९५, २१०, १८८, २१४, असं दोन-तीन सेकंद. बाबांनी सातही कागद एकाखाली एक लावले आणि वेळा वाचल्या. सगळे सकाळी साडेदहानंतरचे, व्हीएमसी आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालू असतानाचे. “ही लाइन नाही,” ते म्हणाले. “हा ढिला सांधा आहे.”

आज शेडचा मेन बंद करून वायरमनने आयसोलेटरचं झाकण काढलं. आर आणि वाय फेजचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे तुकडे) स्वच्छ, कथलाच्या रंगाचे. बी फेजचा लग निळसर काळा पडलेला, त्यामागे चार बोटं वायरचं लाल इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं. नखाने दाबलं तर चॉकलेटच्या वेष्टनासारखं तुकड्यांनी निघालं. जळक्या बॅकेलाइटचा वास शेडभर पसरला. स्क्रू अर्धा आटा सैल होता. क्रिम्पिंग मुळातच पक्कडीने दाबून केलेलं होतं, डायने नाही.

नवा लग, वायरचा जळका भाग कापून नवं क्रिम्पिंग, आयसोलेटरचा एक पोल बदलला. सगळं मिळून १,१४० रुपये. भावोजी बराच वेळ तो काळा लग तळहातावर घेऊन उभे होते. मग म्हणाले, “हे आणखी दोन महिने राहिलं असतं तर शेड पेटली असती.” वीज कंपनीने वायरिंग तपासा असं लिहिलं होतं ते इथपुरतं बरोबर होतं, आणि मी ते तक्रारीच्या फाइलमध्ये तसं लिहून ठेवलं आहे.

१५ जानेवारी

उत्तरायण (संक्रांत, इथला पतंगांचा सण) आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण. शेड बंद, डबे चालू. दोन दिवसांत घरच्या डब्यात २३ झटके, शेडच्या डब्यात ४. दोन्हीकडे एकाच वेळी आलेला एकच.

घरचे १४ तारखेला पहाटेपासून सुरू झाले. पहिले तीन ६:४० ते ७:१५ मध्ये. आदल्या रात्रीचा मांजा तारांवर अडकलेला असतो, त्यावर दव पडलं की तो भिजून वीज वाहू लागतो. मग दुपारी नऊ झटके अगदी छोटे, तीन-चार सायकलींचे. ते गल्लीतल्याच उघड्या तारांचे. अडकलेला पतंग पोरं खालून ओढतात, दोन तारा झुलून एकमेकींना लागतात आणि सुटतात. असा एक तर मी गच्चीवरून डोळ्यांनी पाहिला. समोरच्या घराच्या कोपऱ्यावर निळी ठिणगी उडाली, ३:१७ ला, आणि खाली येऊन बघितलं तर फाइलमध्येही ३:१७.

बाबा सांगतात, नोकरीतल्या एकाही उत्तरायणाला ते घरी नव्हते. तिळगूळ दुसऱ्या दिवशी. लाइन स्टाफ दिवसभर काठ्या घेऊन मांजा काढत फिरतो. चमकत्या धातूच्या फितीचा पतंग किंवा तसा मांजा तारेवर पडला तर ओढणाऱ्याच्या हातापर्यंत वीज येते. गल्लीतल्या दोन मुलांना काल मी त्या फाइलमधली लाट दाखवली आणि तारेत अडकलेला पतंग सोडून द्यायला सांगितलं. त्यांनी सोडला.

२२ जानेवारी

हिशेब: २८ डिसेंबर ते २० जानेवारी, उत्तरायणाचे दोन दिवस सोडून, शेडमध्ये १९ झटके. सात ढिल्या सांध्याचे, चार कॉम्प्रेसर आणि कमी व्होल्टेज यांचे, सहा शेजारच्या फीडरचे, दोन वरच्या ट्रान्समिशनचे. अकरा आमचे, आठ बाहेरचे. बाहेरच्या आठांपैकी पाच वेळा मशीन बसलं.

बाहेरचे झटके बंद करणं आमच्या हातात नाही, पण मशिनने ते सोसणं आहे. व्हीएमसीचा मेन कॉन्टॅक्टर एसी कॉइलचा होता. तो साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान, एक-दोन सायकलींतच सुटतो. मशिनची बाकीची ताकद तेवढा वेळ कपॅसिटरांवर तग धरू शकली असती. म्हणजे सगळी मेख त्या एका कॉइलमध्ये. मशिनच्या कंपनीच्या सर्व्हिस माणसाशी बोलून ती बदलून २४ व्होल्ट डीसीची बसवली आणि तिचा पुरवठा छोट्या यूपीएसवर घेतला. इमर्जन्सी स्टॉपची साखळी जशीच्या तशी ठेवली. लाइट पूर्ण गेली तर अर्ध्या सेकंदानंतर कॉन्टॅक्टर सुटलाच पाहिजे आणि वीज आल्यावर आपोआप चालू होता कामा नये, हे दोन्ही मेन बंद करून तीन वेळा तपासलं. हे काम स्वतःच्या डोक्याने करू नका. खर्च ७,८०० रुपये.

कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावायचा आहे, त्याचा भाव काढला आहे.

२ फेब्रुवारी

काल सकाळी ११:४२ ला दोन्ही डब्यांत झटका. शेडमध्ये दोन फेज ६४ टक्क्यांवर, पाच सायकली. व्हीएमसी कटमध्ये होती आणि चालत राहिली. त्या वेळी मशिनसमोर असलेल्या मुलाला संध्याकाळी विचारलं तर त्याला काही आठवत नव्हतं. मात्र मागच्या लेथचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) ‘अंडर व्होल्टेज’ दाखवून थांबला. त्याच्या सेटिंगमध्ये डीसी बसची (आतल्या डीसी व्होल्टेजची) पातळी आणि पुन्हा सुरू होण्याची वाट बघण्याची वेळ असे दोन आकडे आहेत. मॅन्युअल मागवलं आहे, पुढचं काम तेच.

एका डब्याचा आजवरचा खर्च, चुकीची खरेदी सोडून, घरचा सुमारे २,००० आणि तीन फेजचा सुमारे २,५००, त्यात अँटेना धरली आहे, वायरमनची मजुरी नाही. वाया गेलेलं सामान १,१९०. तिसरा डबा ताईच्या नणंदेकडे, वाघोडिया रस्त्याला बसवायचा आहे. तिथलं सबस्टेशन वेगळं आहे, म्हणजे वरून आलेला झटका तीन ठिकाणी ताडून बघता येईल.